नॅशव्हिल 1991 : मोजणीत आलेली माणसं

25 मे 1991 च्या अंकापासून 'बिलबोर्ड' या अमेरिकी साप्ताहिकानं अल्बमांच्या खपाची यादी नव्या पद्धतीनं छापायला सुरुवात केली. तोवरची रीत अशी होती की दर आठवड्याला ठरावीक दुकानांना फोन जायचे, आणि तिथला व्यवस्थापक किंवा गल्ल्यावरचा पोरगा कोणता अल्बम जोरात आहे, कोणता मंदावलाय, ते अंदाजानं सांगायचा. त्या अंदाजात त्याची स्वतःची आवड मिसळायची, शहरातली हवा मिसळायची, रेकॉर्ड कंपनीच्या माणसांनी केलेली मनधरणीही मिसळायची. माइक शॅलेट आणि माइक फाइन यांच्या 'साउंडस्कॅन' कंपनीनं हा अंदाजच बाद केला. गल्ल्यावर बारकोड वाचला गेला की विक्रीची नोंद व्हायची. गाणं कुणी घेतलं, का घेतलं, घेणारा कसा दिसत होता, याच्याशी त्या यंत्राला काही देणंघेणं नव्हतं.

यादी एका आठवड्यात बदलली. रॅप आणि कंट्री, म्हणजे मोठ्या शहरांतल्या रॉकप्रेमी दुकानदारांना ज्यांचं फारसं कौतुक नव्हतं असे दोन प्रकार, वर सरकले. जूनमध्ये एन. डब्ल्यू. ए. या लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या रॅप गटाचा अल्बम दुसऱ्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर गेला. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्सचा 'रोपिन द विंड' आला आणि आल्या आठवड्यातच थेट पहिला आला. कंट्रीच्या इतिहासात असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. जॉनी कॅशचा सॅन क्वेंटिन तुरुंगातला अल्बम 1969 साली शिखरावर गेला होता, केनी रॉजर्सचा निवडक गाण्यांचा संग्रह 1980 साली गेला होता, पण ते पायरी-पायरीनं चढले होते.

एकाच वर्षावर, तेही एका परक्या देशाच्या एका संगीतप्रकारातल्या वर्षावर, मराठीत अख्खं पुस्तक कशासाठी, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणं रास्त आहे. माझं उत्तर त्या बारकोडपाशी सुरू होतं. 1991 नं कंट्रीला श्रोते मिळवून दिले असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. टेनेसी, ओक्लाहोमा, टेक्सस, ओहायो इथल्या लहान गावांत आणि शहरांबाहेरच्या नव्या वस्त्यांत ही माणसं आधीपासून होती. ती कॅसेट आणि सीडी घेत होती, पण वॉलमार्ट आणि केमार्टमध्ये, मुलांच्या कपड्यांबरोबर आणि पिठामिठाबरोबर. संगीताच्या धंद्याचे कान शहरांतल्या खास रेकॉर्डच्या दुकानांकडे लागलेले होते. त्या वर्षी ही माणसं मोजणीत आली. मग मोजणीत आल्यामुळे त्यांचं संगीतही बदललं, काही बाबतीत भल्यासाठी आणि काही बाबतीत नाही.

आपल्याकडे कंट्रीची ओळख बहुतेकांना जिम रीव्हजपासून होते. गोव्यात, वांद्र्यात, अँग्लो-इंडियन रेल्वे वसाहतींत त्याच्या तबकड्यांनी दोन पिढ्यांच्या संध्याकाळी भारल्या. तो मऊ, खोल, घाई नसलेला आवाज नॅशव्हिल या कंट्रीच्या माहेरघराच्या एका विशिष्ट काळाची निर्मिती होता. रॉक अँड रोलनं तरुण गिऱ्हाईक पळवलं तेव्हा चेट ॲटकिन्ससारख्या निर्मात्यांनी फिडल आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस पुढे आणला. खेड्यातलं गाणं शहरी दिवाणखान्यात चालावं म्हणून केलेला तो बदल होता. शहरानं आपल्याला आपलं म्हणावं ही ओढ, आणि तसं झालंच तर आपण आपले उरणार नाही ही धास्ती, या दोन टोकांमध्ये कंट्री सत्तर वर्षं हेलकावत होतं.

मुळं आणखी मागे जातात. 1927 च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअर ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आला. त्याच मुक्कामात त्यानं कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांचं गाणं पहिल्यांदा मुद्रित केलं. तेव्हापासूनच धंद्यानं गोऱ्या खेडुतांच्या तबकड्या एका सूचीत आणि काळ्यांच्या दुसऱ्या सूचीत टाकल्या होत्या. वास्तविक बँजो हे वाद्य आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हातून अमेरिकेत रुजलं, आणि 'ग्रँड ओल ऑप्री' या 1925 पासून चालत आलेल्या रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या काळात डीफोर्ड बेली या काळ्या हार्मोनिकावादकाला तुफान लोकप्रियता होती. पण सूच्या वेगळ्या झाल्या आणि मग स्मरणही वेगळं झालं. 1991 साली क्लीव्ह फ्रान्सिस या काळ्या गायकाला नॅशव्हिलच्या मोठ्या कंपनीनं करारबद्ध केलं. व्हर्जिनियात तो हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करत होता. त्याच्या अल्बमांना अपेक्षेइतकं यश मिळालं नाही आणि काही वर्षांत तो दवाखान्यात परतला. कोण मोजणीत येतं हा या पुस्तकाचा विषय असेल, तर कोण यंत्रापर्यंत पोचूच शकत नाही तेही लिहायला हवं. तिसरं प्रकरण त्यासाठी आहे.

ऐंशीच्या दशकाबद्दल थोडक्यात. 'अर्बन काउबॉय' या 1980 च्या चित्रपटानंतर काउबॉय टोप्यांची लाट आली आणि ओसरली. दशकाच्या मध्यावर कंट्री संपत आलंय असं मोठी वृत्तपत्रं लिहू लागली. 1986 साली रँडी ट्रॅव्हिसनं जुन्या वळणाचं, नाकातून येणारं, फिडलनं भरलेलं गाणं परत आणलं आणि ते भरपूर खपलं. त्या धक्क्यामुळे कंपन्यांनी दारं उघडली, आणि 1989 साली क्लिंट ब्लॅक, ॲलन जॅक्सन, ट्रॅव्हिस ट्रिट आणि गार्थ ब्रुक्स अशी चौकडी जवळजवळ एकदमच पुढे आली.

यातल्या गार्थवर मला सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण त्याच्याविषयीचे सोपे निष्कर्ष फार आहेत. जन्म टल्साचा, 1962 चा. आई कॉलीन कॅरोल हिनं पन्नासच्या दशकात कॅपिटॉल कंपनीसाठी गाणी म्हटली होती, मग संसारासाठी तो नाद सोडला. मुलगा ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात भालाफेकीच्या शिष्यवृत्तीवर गेला आणि जाहिरातशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. त्याच स्टिलवॉटर गावात तो बारमध्ये दांडगटांना बाहेर काढायचं काम करायचा आणि संध्याकाळी गिटार घेऊन गायचा. 1985 साली तो नॅशव्हिलला आला आणि एका दिवसात घाबरून परत गेला. 1987 साली पुन्हा आला. ब्लूबर्ड कॅफे या छोट्याशा जागी त्याला ऐकून कॅपिटॉलनं त्याला घेतलं.

जाहिरातशास्त्राची पदवी हे त्याच्या टीकाकारांचं आवडतं हत्यार आहे. गार्थनं कंट्रीला साबणासारखं विकलं, असं ते म्हणतात. मैफलींत तो डोक्याला लावलेला मायक्रोफोन घेऊन मंचभर धावायचा, दोराला लटकून प्रेक्षकांवरून झोके घ्यायचा, गिटारी फोडायचा. हे त्यानं किस या रॉक बँडकडून उचललं आणि ते कधी लपवलं नाही. बिली जोएल, जेम्स टेलर, डॅन फोगलबर्ग ही त्याची दैवतं होती. 'रोपिन द विंड'मध्ये त्यानं बिली जोएलचंच 'शेमलेस' गायलं आणि ते कंट्री रेडिओवर पहिल्या क्रमांकावर गेलं. पण ज्याच्या गाण्यात जॉर्ज जोन्स आणि जॉर्ज स्ट्रेट यांची तालीम ऐकू येत नाही त्याला हे जमलं नसतं. निर्माता ॲलन रेनॉल्ड्सनं त्याच्या अल्बमांत वाद्यांची गर्दी होऊ दिली नाही. कथा सांगणारा आवाज पुढे आणि बाकी सगळं त्याच्या मागे, ही शिस्त ऐकताना लगेच कळते. मैफलीची तिकिटंही तो 20 डॉलरच्या आत ठेवायचा. ज्यांच्यासाठी गातो त्यांना परवडावं हा हिशेब त्याच्या बाकीच्या सगळ्या हिशेबांइतकाच पक्का होता.

त्या वर्षीचं सगळ्यात महत्त्वाचं गाणं मात्र त्याच्या आधीच्या 'नो फेन्सेस' अल्बममधलं आहे. 'द थंडर रोल्स' त्यानं पॅट ॲल्जरबरोबर लिहिलं. गाण्यात वादळी रात्री उशिरा घरी येणारा नवरा आहे आणि वाट पाहणारी बायको आहे. नवऱ्याच्या अंगाला परक्या अत्तराचा वास येतो तिथे मुद्रित गाणं थांबतं. मैफलींत गार्थ त्यापुढचं कडवंही म्हणायचा, ज्यात बायको पिस्तूल उचलते. चित्रफीत करताना त्यानं गाणं आणखी पुढे नेलं. तिच्यात नवरा बायकोला मारतो, मुलीकडे वळतो आणि बायको गोळी झाडते. तो नवरा स्वतः गार्थनं रंगवला, खोटे केस आणि दाढी लावून. पडद्यावर आपला चेहरा मारकुट्या माणसाचा दिसावा हे लोकप्रियतेच्या ऐन शिखरावर मान्य करणारा दुसरा गायक मला आठवत नाही.

मे महिन्यात द नॅशव्हिल नेटवर्क आणि सीएमटी या दोन्ही कंट्री वाहिन्यांनी चित्रफीत बंद केली. नॅशव्हिल नेटवर्कची मागणी अशी होती की शेवटी गार्थनं कॅमेऱ्यासमोर येऊन हिंसेविरुद्ध दोन शब्द सांगावेत. त्यानं नकार दिला. मला तो नकार योग्य वाटतो. मारहाण झाल्याचं दाखवल्यावर खाली तळटीप जोडणं म्हणजे बघणाऱ्याला दिलासा देणं, आणि त्या दृश्याचं काम दिलासा देणं नव्हतं. देशभर वाद पेटला. मारहाणीतून सुटलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या संस्थांनी ती चित्रफीत मागवून घेतली. ऑक्टोबरमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशननं तिलाच त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट चित्रफीत ठरवलं. ज्या धंद्याच्या वाहिन्यांनी ती दडवली त्याच धंद्याच्या सभासदांनी तिला मत दिलं होतं.

यात नवीन काही नव्हतं असंही नाही. लोरेटा लिननं 1975 साली गर्भनिरोधक गोळीवर गाणं म्हटलं तेव्हा कित्येक रेडिओ केंद्रांनी ते लावायचं नाकारलं होतं आणि तरी ते चाललं. घरातली गोष्ट घरातच राहावी असं मानणाऱ्या समाजाचं संगीत घरातल्या गोष्टी मोठ्यानं सांगत आलंय, हे कंट्रीचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं वैशिष्ट्य आहे. ऐकणाऱ्यांत बायका बहुसंख्य, कंपन्यांच्या खुर्च्यांवर पुरुष, आणि गाणी या दोघांमध्ये वाट काढत जाणारी. त्याच उन्हाळ्यात जॉर्जियातल्या माँटिचेलो गावच्या ट्रिशा यरवुडचं पहिलंच गाणं, 'शीज इन लव्ह विथ द बॉय', पहिल्या क्रमांकावर गेलं. कंट्री संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये ती पर्यटकांना माहिती सांगायचं काम करायची, इतरांसाठी नमुना गाणी म्हणायची. गाणं साधं आहे, बापाला न आवडणाऱ्या पोराच्या प्रेमात पडलेल्या मुलीचं, पण त्या आवाजात एक ठाम स्वच्छपणा आहे जो अजून जुना झालेला नाही.

2 ऑक्टोबरच्या त्या पुरस्कार सोहळ्याला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश सपत्नीक हजर होते. आखाती युद्ध जिंकून वर्षही झालं नव्हतं आणि मंदी संपल्यासारखी वाटत नव्हती. पुढच्या वर्षी निवडणूक होती. गार्थला वर्षाचा कलावंत हा किताब मिळाला, आणि अल्बम, एकल गाणं व चित्रफीत धरून चार पुरस्कार. सर्वोत्कृष्ट गायिका ठरलेली तान्या टकर त्याच दिवशी बाळंत झाली होती, त्यामुळे येऊ शकली नाही. विन्स गिल सर्वोत्कृष्ट गायक ठरला. हे सगळं दिमाखदार होतं. पण त्या सोहळ्याच्या चार आठवडे आधी घडलेली एक गोष्ट त्या दिमाखाच्या जोडीला ठेवल्याशिवाय ते वर्ष कळत नाही.

30 ऑगस्टला डॉटी वेस्ट ऑप्रीत गायला निघाली होती. कंट्रीमध्ये ग्रॅमी मिळवणारी ती पहिली स्त्री, 1965 साली. आता ती कर्जात बुडालेली होती, दिवाळं जाहीर झालं होतं, घर हातचं गेलं होतं. वाटेत तिची गाडी बंद पडली. एका शेजाऱ्यानं तिला आपल्या गाडीत घेतलं, वेळेवर पोचायची घाई होती, आणि ऑप्रीच्या जवळच्या वळणावर त्या गाडीला अपघात झाला. 4 सप्टेंबरला डॉटी गेली. 10 सप्टेंबरला 'रोपिन द विंड' दुकानांत आला. दोन्हींचा एकमेकांशी कार्यकारण संबंध नाही, तसा तो मी जोडतही नाही. पण नॅशव्हिलमध्ये इतका पैसा ज्या आठवड्यात येऊ लागला त्याच आठवड्यात त्या गावानं आपल्या एका थोर गायिकेला ज्या अवस्थेत निरोप दिला, ती अवस्था यादीत कुठेच दिसत नव्हती.

कारण मोजणीला दुसरी बाजू होती. काय खपतं ते दर आठवड्याला नेमकं कळू लागल्यावर, जे खपत नाही ते ठेवायची गरज कुणाला वाटेनाशी झाली. जॉनी कॅशला कोलंबिया कंपनीनं 1986 सालीच सोडलं होतं. मर्ल हॅगर्ड, जॉर्ज जोन्स यांची नवी गाणी रेडिओवर विरळ होत गेली. ॲलन जॅक्सन 'डोन्ट रॉक द ज्यूकबॉक्स'मध्ये जॉर्ज जोन्सचं गाणं लावा अशी विनवणी करत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि खुद्द जोन्स मात्र मागे राहिला. जुन्या मंडळींपैकी बरीच मिसुरी राज्यातल्या ब्रॅन्सन गावी स्वतःची नाट्यगृहं उघडून बसली, जिथे बसनं येणाऱ्या निवृत्त जोडप्यांना ती दिवसातून दोनदा गाऊन दाखवायची. काहींनी यात सुख मानलं, हे नोंदवायला हवं. रोज नव्या गावी जाणं थांबलं, रात्री स्वतःच्या घरी झोपता येऊ लागलं.

एमिलू हॅरिसनं वेगळी वाट काढली. 1991 च्या वसंतात ती आपल्या वादकांना घेऊन तीन संध्याकाळी रायमन ऑडिटोरियममध्ये गेली. 1892 साली धार्मिक सभांसाठी बांधलेल्या या लाकडी बाकांच्या सभागृहात ऑप्री 1974 पर्यंत भरत होती. मग ऑप्री नव्या जागी गेली आणि रायमन मोडकळीला आलं. इमारतीचा भरवसा नव्हता म्हणून मोजक्याच श्रोत्यांना आत घेतलं गेलं. मँडोलिन, फिडल, बँजो, अशा विजेविना वाजणाऱ्या वाद्यांवर तिनं जुनं-नवं गायलं. तो अल्बम पुढच्या वर्षी निघाला, फार खपला नाही, पण त्यामुळे त्या वास्तूकडे लोकांचं लक्ष गेलं आणि 1994 साली ती दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. आज नॅशव्हिलला जाणारा माणूस तिथे जातोच. त्या वर्षीच्या खपाच्या आकड्यांत या तीन संध्याकाळींचं वजन नगण्य आहे, आणि माझ्या लेखी गार्थच्या अठरा आठवड्यांच्या अव्वल क्रमांकाइतकंच त्यांचं मोल आहे.

1991 चा उल्लेख निघाला की बहुतेक संगीतसमीक्षक निर्व्हाना या रॉक बँडचं नाव घेतात. 'नेव्हरमाइंड' सप्टेंबरमध्ये आला आणि जानेवारी 1992 मध्ये मायकल जॅक्सनला खाली खेचून शिखरावर गेला, ही गोष्ट शंभरदा लिहून झालीय. पुढच्याच आठवड्यात त्याला खाली खेचलं ते 'रोपिन द विंड'नं, हे क्वचित लिहिलं जातं. समीक्षा मोठ्या शहरांत लिहिली जाते म्हणून हे होतं, असं माझं मत आहे. मोजणी सुधारली तरी आठवणी जुन्याच पद्धतीनं गोळा होत राहिल्या.

आता या पुस्तकाच्या मांडणीविषयी. ते जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपत नाही. शेवट 4 डिसेंबरला मर्फ्रीसबरो इथे झालेल्या नेओमी आणि वायनोना जड या गायिका मायलेकींच्या निरोपाच्या मैफलीशी होतो खरा. नेओमी जड पूर्वी नर्स होती, यकृताच्या आजारामुळे तिला गाणं सोडावं लागलं, आणि मुलगी वायनोनाला त्याच मंचावरून एकटीच्या वाटेला लागावं लागलं. पण सुरुवात 16 मार्चच्या पहाटेपासून आहे.

गायिका रीबा मॅकएंटायरनं आदल्या रात्री सॅन डिएगोत एका खासगी कार्यक्रमात गाणं केलं होतं. ती आणि तिचा नवरा रात्री तिथेच थांबले. तिचे वादक पुढच्या मुक्कामासाठी, इंडियानातल्या फोर्ट वेनसाठी, दोन विमानांतून निघाले. त्यातलं एक उड्डाणानंतर काही मिनिटांत अंधारात ओटाय डोंगरावर आदळलं. तिच्या वाद्यवृंदातले सात जण, दौऱ्याचा व्यवस्थापक आणि दोन वैमानिक गेले. त्याच महिन्याअखेरीस तिनं ऑस्कर सोहळ्यात ठरल्याप्रमाणे गाणं म्हटलं. ऑक्टोबरमध्ये 'फॉर माय ब्रोकन हार्ट' हा तिचा अल्बम आला, त्या सहकाऱ्यांना अर्पण केलेला. त्यात त्या अपघातावरचं गाणं नाही. मोडलेली लग्नं आहेत, एकटं म्हातारपण आहे, लवकर संसारात पडलेली आणि याच्यापलीकडे काही आहे का असं विचारणारी बाई आहे. दुःखाचा विषय बाजूला ठेवून दुःखाचा स्वर मात्र अल्बमभर वापरणं ही रीबाची निवड होती, आणि तिच्या सगळ्या कारकिर्दीत तिनं घेतलेला याहून शहाणा निर्णय मला दिसत नाही.

कंट्रीचं गाणं ज्यांच्या बोटांवर उभं राहतं ते वादक अल्बमच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत असतात आणि बसमध्ये किंवा विमानात आयुष्य काढतात. कुठल्याही बारकोडमध्ये त्यांची नोंद होत नाही. म्हणून पहिलं प्रकरण त्या वाद्यवृंदाचं आहे: ते कुठून आले, काय वाजवायचे, रीबाच्या गाण्यात त्यांच्यामुळे काय होतं आणि नंतर काय उरलं. गार्थ ब्रुक्स त्यानंतर येतो.